पुआ-आ, नीऊ आणि म्हशीचा हौद

रशीदभाईच्या हॉटेलात कान तुटलेला कप फेकत नाहीत. 'काम आएगा' म्हणून गल्ल्याखाली सरकवतात. आता तिथं इतके कप साचलेत, की रशीदभाईलाच पाय ठेवायला जागा नाही! आमच्या बाकड्यावरचे किस्सेही तसेच. एकेकाचा कान तुटलेला, पण फेकवत नाही. मी सातवी नापास माणूस, माझं कोण वाचणार, हा प्रश्न आहेच. पण मी बोलायला लागलो की लोकांचा चहा थंड होतो, एवढं मात्र खरं.

बाकडं मोताळ्याच्या बसस्टँडसमोर. त्यावर आम्ही चौघं. रशीदभाई मालक, गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः चहा पितो. गुरुजी रिटायर झाले, तरी कोणी चुकीचं बोललं की त्यांचा हात अजून छडीकडं जातो. सुदाम रिटायर वायरमन, माझा भिंतीला भिंत लावून शेजारी. लहानपणापासून मी मस्करी करायची अन् त्यानं ती खरी मानायची, असा आमचा करार आहे. चौथा मी, नामदेव. माझ्याबद्दल बाकीचे तिघं काही सांगतील, ते खोटं आहे.

* * *

सुदामचा पोरगा मिलिंद सोलरच्या कामासाठी सामोआला गेला. न्यूझीलंडच्याही पुढं, समुद्रात ठिपक्यासारखं बेट. तिथंच सीना नावाची नर्स त्याला आवडली, लग्न झालं, पोरगी झाली. सुदामच्या मनात नाव होतं पौर्णिमा. पोराच्या सासरी ठेवलं मासिना. तेव्हापासून सुदाम फुगला. नातीचं नाव तोंडानं घेईना. 'माही नात' म्हणायचा, बस्.

पोरगी चार वर्षांची झाली, तरी मोबाईलवर आजोबा दिसला की पळायची. तिला आईची भाषा यायची, थोडं इंग्रजी यायचं. सुदामचं इंग्रजी दोनच शब्दांचं. एक थँक्यू, दुसरा फॉल्ट!

एकदा बाकड्यावर आमच्यासमोरच फोन लागला. सुदाम हात पसरून म्हणाला, "ये बाई ये, आबाजवळ ये." पोरीनं मोबाईल उचलला, भिंतीकडं तोंड करून ठेवला अन् गेली. आम्ही चौघं किती वेळ सामोआची भिंत पाहत बसलो!

मी म्हटलं, "भिंत मजबूत दिसते बे."

सुदाम हसला नाही. म्हणे, "नाम्या, मी मेलो तर इले कोणी फोटो दाखवन. थे म्हणन, हा भिंतीतला बुढा."

त्या दिवशी ठरलं. पोरीला मराठी येत नाही ना? मग बुढ्यानं सामोआची भाषा शिकायची!

* * *

मास्तरीण झाली सीना. फोन घेऊन घराबाहेर यायची, एकेका वस्तूवर बोट ठेवायची अन् शब्द सांगायची. सुदाम तो घोकत बाकड्यावर यायचा अन् मग आम्हा सगळ्यांनाच पाठ व्हायचा. नारळ म्हणजे नीऊ. मासा ईआ. पाऊस तिमू. डुक्कर पुआ-आ. होडी वा-आ. प्यायचं पाणी वाई, पण समुद्राचं पाणी सामी.

गुरुजींनी विचारलं, "एकाच पाण्याला दोन नावं कशाला?"

रशीदभाई म्हणाला, "गुरुजी, आप के यहाँ बीवी को दस नाम हैं, वो लोग पानी के दो भी नहीं रख सकते?"

मग एक दिवस सीनानं लांब पाण्यात एक पांढरी रेघ दाखवली. आआऊ. गुरुजी म्हणाले, पाण्याखाली खडकाची भिंत असते, तिच्यावर मोठी लाट फुटते अन् अलीकडचं पाणी शांत राहतं. सुदाम म्हणे, "म्हंजे बांध." गुरुजी म्हणाले, "बांध नाही रे! मी समुद्र पाहिला आहे."

हे मात्र खरं होतं. आमच्या बाकड्यावर समुद्र पाहिलेला माणूस एकच. शाळेची सहल घेऊन मुंबईला गेले होते, अन् तेव्हापासून ते वर्णन आम्ही पाठ होईपर्यंत ऐकलं आहे. पण सुदाम आता विद्यार्थी होता. त्यानं विचारलं, "गुरुजी, लाट फुटते तं आधी वाकते का एकदम पडते?"

गुरुजींनी चहा ढवळला. बिनसाखरेचा चहा, तरी ढवळला.

"पाण्याचा रंग कसा हाय? काठाशी येगळा अन् आत येगळा?"

गुरुजी म्हणाले, "निळा. म्हणजे... तसा."

मी सोडतो का? म्हटलं, "गुरुजी, खरं सांगा, पाह्यला का नाही?"

गुरुजी उसळले, "अरे बाबा, मी समुद्राकडं पाठ करून उभा होतो! पन्नास पोरं होती! पोरं मोजत होतो!"

* * *

आठवडी बाजारात मी नारळवाल्याच्या कानात सांगितलं, "आता नारळ म्हणू नको. शिकलेले लोक नीऊ म्हणतात. आरोग्याले चांगला." पुढच्या बाजाराला त्यानं पुठ्ठ्यावर लिहिलं, 'ताजा नीऊ मिळेल'. एक ढीग नारळाचा, एक नीऊचा. माल एकाच पोत्यातला!

संध्याकाळी पाहतो तर गुरुजी दोन नारळ घेऊन परत बाजाराकडं निघालेले. स्वतः नीऊ पाठ केलेला माणूस! म्हटलं, "काय झालं?"

मान खाली घालून म्हणाले, "मंडळी म्हणतात, शेजारणीनं नीऊ आणला, तुम्ही साधे नारळ काय आणता. बदलून आणा."

* * *

आपल्याकडं भर दुपार असते तेव्हा सामोआत रात्र पडलेली असते. अशाच एका दुपारी, बाकडं तापलेलं, अन् सीनानं मोबाईल वर आभाळाकडं केला. पूर्ण गोल चंद्र! आमच्याकडं ऊन अन् सुदामच्या हातात चांदणं.

सीना म्हणाली, "मासिना."

सुदाम म्हणाला, "तिले काऊन उठवतं? झोपू दे. हे वरतं हाय त्याचं नाव सांग."

सीनानं परत वर बोट केलं. "मासिना."

रशीदभाईनं किटली खाली ठेवली. म्हणाला, "अरे भाई, चाँद का ही नाम बता रही है."

पौर्णिमा ठेवलं नाही म्हणून चार वर्षं फुगलेला माणूस! फोन बंद झाला तरी मोबाईल तसाच धरून बसला. मग एकदम ओरडला, "रशीदभाई, सगळ्यायले चहा! माह्या मासिनाच्या नावानं!"

सुदामनं चहा पाजल्याची ही घटना मोताळ्यात एकदाच घडली आहे.

* * *

शेवटी हिवाळ्यात तिघंही आले. मलकापूरच्या स्टेशनवर आम्ही चौघं घ्यायला. सुदामनं पांढरा सदरा घातला होता. रस्ताभर 'तालोफा, मासिना' घोकत होता. तालोफा म्हणजे त्यांचा जयभीम, नमस्कार, सलाम, सगळं एकातच.

गाडी थांबली. मिलिंद उतरला, सीना उतरली अन् तिच्या मागून केसांत फूल खोचलेली ती एवढीशी पोरगी. सुदाम पुढं झाला. तोंड उघडलं. सगळी भाषा उडून गेली! आमच्या गल्लीत डुकरं फार, म्हणून एकच शब्द त्याचा रोजच्या सरावातला. तोच निघाला.

"पुआ-आ!"

चार वर्षं वाट पाहिलेल्या नातीला आजोबानं पहिल्या भेटीत डुक्कर म्हटलं!

सीना हसून हसून बॅगवरच बसली. पोरगी मात्र तिच्या मागं लपली, ती घरी येईपर्यंत बाहेर आली नाही.

सीना मात्र पहिल्या दिवशीच घरची झाली. त्यांच्याकडं रीत आहे, बसलेल्या मोठ्या माणसांपुढून जायचं तर कमरेत वाकून, 'तुलोऊ' म्हणत जायचं. ती आमच्यापुढून तशी गेली, तर सुदामची बायको, आमची वहिनी, गल्लीतल्या सगळ्या सुनांकडं अशी पाहायला लागली, की दोघी-तिघी उठून घरीच गेल्या!

* * *

पण मासिना काही बोलेना. सुदाम दिसला की आईचा झगा धरायची. दोन घास खायची अन् ताट सरकवायची. रडत एकच शब्द म्हणायची, "सामी."

मिलिंद म्हणाला, "बाबा, तिकडं घराच्या पायऱ्या उतरल्या की समुद्र. रोज संध्याकाळी पाण्यात बोट बुडवून चाटते, मग घरात येते. इथं तिले करमून नाही राह्यलं. असंच चाललं तर रविवारी निघतो आम्ही."

सुदाम म्हणाला, "समुद्रच पाह्यजे न? थांब."

अन् तिला नळगंगेच्या धरणावर घेऊन गेला. धरण भरलेलं, पलीकडचा काठ धूसर. सुदामनं दोन्ही हात पसरले, जसं काही त्यानंच भरलं होतं. "सामी!"

पोरीचे डोळे चमकले. पळत काठाशी गेली. बोट बुडवलं, चाटलं. मग सुदामकडं असं पाहिलं, जसं दूधवाल्याकडं आपण पाहतो.

"वाई," ती म्हणाली, अन् भोकाड पसरलं.

गुरुजी म्हणाले, लोणारला नेऊ, तिथलं पाणी खारं आहे. मिलिंद म्हणाला, ते पाणी तोंडात घालायचं नाही, अन् गाडीत पोरगी अर्ध्या रस्त्यातच ओकते. सुदाम बाकड्यावर येऊन बसला, चहाला हात लावेना. म्हणे, "रविवारी जाईन थे. थे परत येईन तवा मी खरंच भिंतीत असन."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. खरं सांगतो, मस्करीत बोललो. "मंग तुह्या म्हशीच्या हौदात टाक मीठ, झाला समुद्र!"

कोणी हसलं नाही. रशीदभाईनं गल्ला बंद केला.

* * *

सुदामनं हौद नारळाच्या शेंडीनं असा घासला, की आतलं सिमेंट त्याच्या बांधणीनंतर पहिल्यांदाच दिसलं. बोअरचं ताजं पाणी भरलं. रशीदभाईनं वाण्याकडून खडेमिठाचं पोतं आणलं, गुरुजींनी काठीनं ढवळलं. म्हैस बाजूला बांधलेली, आमच्याकडं पाहत होती.

आता मीठ टाकायचं किती? आम्हा चौघांत समुद्र चाटलेला एकही माणूस नाही!

सुदाम म्हणाला, "भाजीइतकं?"

गुरुजी म्हणाले, "भाजीपेक्षा जास्त असावं."

"असावं म्हंजे? तुमी तं जाऊन आले न?"

"पाठ होती माझी!"

रशीदभाई म्हणाला, "लोणच्याएवढं डालो." मग चौघंही बोट बुडवून चाटत होतो, थुंकत होतो, अन् मूठ मूठ टाकत होतो, तेवढ्यात धुणं घेऊन सीना मागच्या दारात आली.

चार म्हातारे म्हशीच्या हौदाभोवती, सगळ्यांचं एकेक बोट तोंडात.

आम्ही तसेच उभे. तिनं बादली खाली ठेवली. हौदाशी आली, बोट बुडवलं, चाटलं. जरा विचार केला. मान हलवली. पोत्यातून दोन मुठी मीठ घेतलं, टाकलं. गुरुजींच्या हातून काठी घेतली अन् पाणी असं हलवलं, की लाट उठून काठावर फुटली. परत चाटलं. मग काही न बोलता आत गेली अन् मासिनाला कडेवर घेऊन आली.

पोरगी हौदाच्या काठावर बसली. पाण्याकडं पाहिलं. म्हशीकडं पाहिलं. बोट बुडवलं, चाटलं.



तिनं परत बोट बुडवलं. पण या वेळी स्वतःच्या तोंडात घातलं नाही. खाली उतरली, सुदामचा सदरा ओढला, तो वाकला, तर त्याच्याच तोंडात घातलं.

"सामी," तिनं त्याला शिकवलं.

"सामी," सुदाम म्हणाला.

रविवारी कोणी गेलं नाही. ठरलेली सुट्टी संपेपर्यंत राहिले. रोज संध्याकाळी आजोबा अन् नात हौदावर होड्या सोडायचे, एक वा-आ कागदाची, एक पळसाच्या पानाची.

आता त्यांना जाऊन बरेच दिवस झाले. सुदामची म्हैस पाणी प्यायला माझ्या हौदावर येते, अन् माझ्या बैलांना शिंगं दाखवते. परवा मी तणतणत त्याच्या मागच्या दारात गेलो. म्हटलं, "सुदाम, पोरगी गेली बे! आता तरी तो हौद उपस!"

तो पाईप धरून हौदात पाणी सोडत होता. पाईप बंद केला. बोट बुडवलं, चाटलं, मान हलवली.

"वाई झालं बे," म्हणाला, अन् पिशवी घेऊन वाण्याकडं मीठ आणायला गेला.