शंभर गाड्या आणि एक एस.टी.

किस्से फुकट जमतात, गाड्यांना पैसे पडतात. आमच्या घरी दोन्ही भरपूर. गाड्यांना निदान काचेचं कपाट मिळालं, किस्से बिचारे माझ्या डोक्यात दाटीवाटीने बसलेत. आज विषय निघालाच आहे तर थोडे उतरवून टाकते.

सुरुवात अठ्ठ्याण्णव साली झाली. आमचे 'हे' बँकेत. ट्रेनिंगसाठी मुंबईला निघाले, तेव्हा मी एकच गोष्ट आणायला सांगितली होती, कुकरची रिंग. आले ते काडेपेटीएवढी लाल मोटार घेऊन.

"कुणासाठी?" मी विचारलं, कारण घरात लहान मूल कोणी नव्हतं.

"माझ्यासाठी," चाळिशीचा माणूस म्हणाला.

"खेळणं?"

"खेळणं नाही! डाय-कास्ट मॉडेल आहे. ओतीव धातूचं. दारं बघ, हुबेहूब खऱ्यासारखी!"

"चालते?"

"चालवायची नसते."

"मग काय करायचं हिचं?"

"बघायची!"

कुकरची रिंग अर्थात विसरले होते. त्या आठवड्यात डाळही आम्ही बरीचशी बघितलीच, शिजली नाहीच.

*

एकटा माणूस वेडा झाला तर लोक हसतात, तिघे झाले की त्याचं मंडळ होतं. यांना दोन जोडीदार मिळाले. एक दातांचे डॉक्टर, दुसरे शिर्के, आंब्याचे बागायतदार. दर रविवारी सकाळी तिघे आमच्या पडवीत बसायचे आणि चहा मी करायचे.

गाडी हातात आली की पहिल्यांदा ती उलटी करायची, असा यांचा रिवाज. गाडीच्या पोटावर कंपनीचं नाव आणि देश कोरलेला असतो म्हणे. ते वाचून तिघे एकदम "वा!" म्हणत. बारशालाही एवढं कौतुक मी पाहिलं नाही!

दुसरा रिवाज त्याहून कडक. गाडी खोक्यातून बाहेर काढायची नाही. "खोकं फोडलं की किंमत गेली!" हे वाक्य आमच्या पडवीत देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं गेलंय.

आता पोट तर बघायचंय आणि खोकं तर फोडायचं नाही. मग? डॉक्टरांनी तोड काढली, त्याचा पुरावा मी स्वतः आहे. मी त्यांच्या खुर्चीत आडवी, तोंडात कापूस. तेवढ्यात शिर्के नवीन गाडी घेऊन धापा टाकत आत आले. डॉक्टरांनी माझ्या दाढेपाशी नेलेला छोटा आरसा मागे घेतला, खोक्याच्या फटीतून आत घातला आणि गाडीचं पोट वाचलं. "वा!" म्हणाले. मग आरसा घेऊन परत माझ्याकडे वळले.

मला बोलता येईना. मी नुसतं आरशाकडे बोट केलं.

"घाबरू नका वहिनी," डॉक्टर म्हणाले, "गाडी एकदम स्वच्छ आहे!"

*

रत्नागिरीची हवा खारट. पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, तिथे पुठ्ठ्याच्या खोक्याची काय कथा! शिर्क्यांना कोणीतरी सांगितलं की तांदूळ ओल ओढून घेतो. त्यांनी सगळी खोकी तांदळाच्या पिंपात पुरून ठेवली आणि बायकोला सांगायचं विसरले.

एकदा घरी पाहुणे आले. शिर्केवहिनी तांदूळ काढायला गेल्या, मापटं आत घातलं आणि वर आली अँब्युलन्स.

शिर्के जेवणघरातून ओरडले, "हळू! खोक्याचा कोपरा दुमडेल!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "लोकांच्या तांदळात खडे निघतात. आमच्याकडे गाड्या निघतात. तुमच्या डोक्यातले खडे कुठल्या पिंपात घालू?"

पाहुणे पुण्याचे होते. ते त्या दिवशी भात बेतानेच जेवले.

*

दसऱ्याला सगळी आळी स्कूटर, रिक्षा धुऊन पूजा करते. मग आमच्या मंडळाने मागे का राहावं? तिघांनी गाड्या, काही जुन्या उघड्या आणि बाकीच्या खोक्यासकट, तबकात मांडल्या. हार घालायचा तर गाडी दिसेना, म्हणून प्रत्येकीला झेंडूची एकेक पाकळी. हळदीकुंकू लावायचं तर रंगाला डाग पडेल आणि खोक्याला लावलं तर किंमत जाईल. शेवटी ते तबकालाच लावलं.

चाकाखाली लिंबू ठेवायची पाळी आली तेव्हा तिघे विचारात पडले. ठेवलं असतं तर गाडीच लिंबाखाली गेली असती! मग माझ्याकडे मिरीचा दाणा मागितला.

पूजा झाली. आळीतल्या लोकांनी आपापल्या गाडीवरून बायकांना फिरवून आणलं. मी पिशवीत आपट्याची पानं घेतली आणि आईच्या गावी, नाट्याला, जायला एस.टी. स्टँडवर जाऊन उभी राहिले. घरात तबकभर गाड्या!

*

नाटे हे माझं माहेर, राजापूर तालुक्यात, समुद्राला लागून. आई तिथे एकटी राहते. एकदा फोनवर तिने विचारलं, "रविवारचे जावई काय करतात गो?"

मी वैतागलेली होते. म्हटलं, "गाड्या जमवतात. शंभर झाल्यात!"

माझा टोमणा आईने प्रसाद म्हणून घेतला आणि गावभर वाटला. पुढच्या खेपेला मी एस.टी.तून उतरले तर शेजारची तारामावशी दारातच उभी. "बाय, शंभर गाड्या असून तू लाल डब्यातून कशी आलीस गो?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "तिला एस.टी. आवडते."

तारामावशीचा मुलगा मुंबईत टॅक्सी चालवतो. तो मे महिन्यात टॅक्सी घेऊन आला की मावशीला बंदरापर्यंत फिरवून आणतो, आणि मावशी ते पुढच्या मेपर्यंत सांगते. आईने त्या रात्री जेवताना हळूच म्हटलं, "एकदा मलाही जावयाच्या गाडीत बसव गो. दारातून बसायचं, बंदरापर्यंत जायचं आणि परत यायचं. बस्स."

मला खरं सांगवलं नाही.

पण खरं ते बाहेर आलंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई आमच्याकडे आली. डोळ्याची पट्टी निघाली, आणि नव्या नजरेने तिने पहिलं काय पाहिलं असेल, तर ते काचेचं कपाट. हे उत्साहाने शेजारी उभे! "ही बघा आई, ही जर्मन. ही इंग्लंडची. हिला हात नको हं, सीलबंद आहे. खोकं फोडलं की किंमत गेली!"

आई प्रत्येक गाडी नीट बघत गेली. सगळं कपाट झाल्यावर म्हणाली, "छान आहेत हो. यातल्या एकीत बसता आलं असतं तर बरं झालं असतं."

हे हसले. मला हसू आलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडले. मग डोळे पुसून बाहेर आले आणि म्हटलं, "अहो, आता बसता येईल अशी एक गाडी आणा. नाहीतर मी कपाटातली सगळी खोकी फोडते!"

*

धमकी लागू पडली. बँकेचं कर्ज काढून कोल्हापूरच्या शोरूममधून पांढरी, छोटी, खरीखुरी गाडी आली. शोरूमचा माणूस ती अंगणात लावून गेला.

डॉक्टर आणि शिर्के इस्त्रीचे कपडे घालून बघायला आले. मी पेढे घेऊन बाहेर येते तर अंगणात माणूस नाही! नुसते सहा पाय. तिघेही पाठीवर झोपून गाडीचं पोट वाचत होते.

"वा!" खालून आवाज आला.

त्यानंतर गाडी जी झाकली ती झाकली. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. पावसात न्यायची नाही, चिखल उडतो. उन्हात न्यायची नाही, रंग उडतो. सावर्ड्याला भाचीच्या लग्नाला आम्ही कशाने गेलो? एस.टी.ने! गाडीला सोबत म्हणून शिर्क्यांना घरी बसवलं होतं.

आणि मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. शंभर गाड्यांच्या या मालकाला गाडी चालवता येत नव्हती!

मी शाळा सुटल्यावर मोटार ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागले. शाळेत शिकवणारी बाई पुन्हा शिकायला बसली म्हणून पोरी खिदळल्या. खिदळोत! लायसन्स हातात आलं त्या रविवारी मी कात्री घेतली आणि मंडळाच्या डोळ्यांदेखत सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा कापलं.

"अगं, सीलबंद होती ती!" हे कळवळले.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. शिर्के म्हणाले, "गेली! किंमत गेली!"

"बसताय की एस.टी.ने येताय?" मी विचारलं.

हे मुकाट्याने मागे बसले. मांडीवर कापलेलं प्लॅस्टिक, नीट घडी करून.

*

राजापूरमार्गे नाट्याला पोचलो तेव्हा आई दारातच होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसात अबोली. आदल्या दिवशी फोन केला होता, त्यामुळे अर्धी वाडी अंगणाच्या दगडी गडग्यावर बसलेली. तारामावशी सगळ्यांत पुढे.

आईने गाडीला एक फेरी घातली. काचेवरून हात फिरवला. मी दार उघडलं, ती पुढे माझ्या शेजारी बसली, पदर सावरला, सीट चाचपून बघितली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिने वाडीला दिसू दिलं नाही.

मी गाडी सुरू करणार तेवढ्यात तारामावशी खिडकीत वाकली.

"काय गो, जावयानं एकच आणलीन? शंभरातल्या बाकीच्या कुठं ठेवल्यान?"

वाडीने कान टवकारले. मागच्या सीटवर हे प्लॅस्टिकची घडी पुन्हा घालू लागले. माझा हात किल्लीवर तसाच राहिला.

आईने सावकाश काच वर करायला घेतली. अर्धी झाल्यावर थांबली.

"त्या खोक्यात आहेत," ती म्हणाली. "खोकं फोडलं की किंमत जाते!"