नोकरी गेल्याची उपकारस्तुती

शनिवारी सकाळी राहुरीच्या स्टँडवर मी दोन रिकाम्या बॅगा घेऊन उभी होते, हे तुम्ही निम्म्या गावाने पाहिलं. कशासाठी, हेही तुम्हाला ठाऊक होतं. तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या आणि इकडे पुण्यात माझ्या लेकीची, करुणाची, कंपनी माणसं कमी करायला लागली. एका दुपारी तिच्या हातात पत्र ठेवलं आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. मी तिला घरी आणायला निघाले होते. आमच्या जुन्या शाळेत संगणक शिकवायची जागा होती. सोमवारी तिला घेऊन येते, असा शब्द मी मुख्याध्यापकांना देऊन बसले होते. करुणाला विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय, असं मला वाटत होतं.

देवाशी मी अबोला धरला होता, हेही इथेच सांगून टाकते. नवरा गेला तेव्हासुद्धा मी प्रार्थना सोडली नव्हती. पण एकटीने शिकवलेल्या पोरीच्या तोंडचा घास गेला, तेव्हा म्हटलं, आता बास. रविवारी उपासनेला जायचे, पण ओठ शिवून बसायचे.

शिरूर सोडलं की रस्त्याकडेला फ्लॅटच्या जाहिराती सुरू होतात. ज्वारीच्या उभ्या रानात मध्येच एक कमान, त्यावर इंग्रजी नाव, आणि कमानीच्या आत पुन्हा ज्वारीच. मंदीने बिल्डरही गारठलेले दिसत होते. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

करुणाने फोनवर एकच काम सांगितलं होतं. "आई, येताना कसब्यातून आजोबांची ढोलकी घे. पुडी (वाजवायचं चामडं) बदलायला टाकलीय." माझे वडील ख्रिस्ती कीर्तनात ही ढोलकी वाजवायचे. पण नोकरी गेलेल्या बाईला ढोलकी कशाला हवी, हे काही मला कळेना.

शिवाजीनगरला उतरून पूल ओलांडला आणि कसबा पेठेत शिरले. बोळात बोळ, तांब्यापितळेची दुकानं, कुठून तरी ठोकल्याचा आवाज. एका ओट्यावर पेपर वाचणाऱ्या गृहस्थांना विचारलं, "अहो, ढोलकीचं दुकान कुठे आलं?"

"पाटी वाचता येते ना?" पेपरातून मान न काढता ते म्हणाले. "तुम्ही तिच्याच खाली उभ्या आहात."

दुकानदारांनी ढोलकीवर दोन थापा मारून दाखवल्या आणि विचारलं, "कार्यक्रम काय आहे?"

"कार्यक्रम कुठला? मुलीची नोकरी गेलीय."

"मग ढोलकी?"

"तेच तिला विचारायला चाललेय."

करुणा वारज्याला राहते. तिकडच्या बसमध्ये कंडक्टर ओरडला, "आजी, ती ढोलकी मांडीवर घ्या, वाट अडतेय!" मी म्हटलं, "आधी बसायला जागा दे, मग मांडी होईल." सगळी बस हसली आणि एका मुलीने उठून जागा दिली. या गडबडीत माझा स्टॉप मागे गेला. तिथून दोन बॅगा आणि एक ढोलकी घेऊन मी उलटी चालत आले, तोवर पाचचा सुमार झाला होता.

तिसऱ्या मजल्यावर करुणाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. आत सतरंजी अंथरलेली, पोह्यांचा वास, वीसेक माणसं. करुणाने पुढे होऊन ढोलकी घेतली आणि बॅगांकडे बघितलं.

"हे काय चाललंय?"

"उपकारस्तुती (देवाचे आभार मानायला घरी भरवलेली प्रार्थना) आहे, आई."

आमच्यात घर झालं, बाळ झालं, दुखण्यातून उठलं की उपकारस्तुती ठेवतात. आमंत्रण देताना कारण सांगायची पद्धत नाही. आनंदाचंच असणार, हे सगळे धरून चालतात. इथेही तसंच झालं होतं. तिघांनी पेढे आणले होते. चर्चच्या मंडळीतल्या एका काकूंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "स्थळ कुठलं हो?" काकूंनी साडीसुद्धा आणली होती!

पाळकसाहेब उभे राहिले, डोळे मिटले आणि सुरुवात केली, "हे प्रभू, करुणाला तू जी नवी नोकरी दिलीस..."

"पाळकसाहेब," करुणा म्हणाली, "नोकरी लागली नाही. गेली."

प्रार्थना तिथेच थांबली. काकूंनी साडीची पिशवी हळूच मागे सरकवली.

करुणा उभी राहिली. "नोकरी लागली तेव्हा याच खोलीत उपकारस्तुती केली होती. आता नोकरी गेली, पण देव तोच आहे ना? मग मी गप्प का बसू? मला भीती वाटते. फोन वाजला की छातीत धडधडतं. पण माझा आनंद त्या कंपनीने दिला नव्हता, म्हणून त्यांना तो ओळखपत्राबरोबर काढून घेता आला नाही. मी मुलाखती देत राहीन, तोवर शिकवण्या करीन. पुणं सोडणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, बॅगा रिकाम्याच ने."

आधी मला राग आला. सोमवारचा शब्द आठवला, मुख्याध्यापकांचा चेहरा आठवला. मग माझ्याच पोरीचा एवढा अभिमान वाटला की रडूच फुटलं.

गाणं सुरू करायचं तर ढोलकी वाजवायला कोणी नव्हतं. वाजवणारी मैत्रीण करुणाच्याच कंपनीतली, कालच सामान बांधून नागपूरला गेली होती. मी पदर खोचला आणि ढोलकी पुढे ओढली. वडिलांनी शिकवलेला हात, कित्येक वर्षांत लावला नव्हता. पहिल्या दोन थापा चुकल्या. तिसरीला मी तोंड उघडलं आणि गायले. ज्याच्याशी अबोला होता त्याच्यासाठीच, तेही सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी येऊन उभे राहिले. "काही आनंदाची बातमी वाटतं?"

"मुलीची नोकरी गेली," मी म्हटलं.

"मग हा गोंगाट कशाचा?"

"त्याचाच."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सातला बंद करा," म्हणाले. मी पेढा पुढे केला. "गोड वर्ज्य आहे मला," असं म्हणून दोन उचलले.

सोमवारी दुपारी राहुरीला उतरले आणि तशीच शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी माझ्या मागे कोणी दिसतं का ते पाहिलं. "शब्द माझा होता, मुलीचा नव्हता. चूक माझी," मी म्हटलं. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं.

तेव्हापासून स्टँडवर, दळणाच्या गिरणीत, सगळीकडे एकच प्रश्न. पोरीला दुसरी लागली का? नाही लागली. लागेल का? ठाऊक नाही. रोज सकाळी धास्ती वाटते, पण प्रार्थनेला बसते, आणि आता मोठ्याने बोलते.

तर येत्या रविवारी, पाच वाजता, माझ्या घरी उपकारस्तुती आहे. सगळ्यांनी यायचं. कारण आता तुम्हाला कळलंच आहे, तरी पेढे आणा.