हिलाल बडगुजरची चौथी केस

पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये रजेच्या अर्जात कारण लिहावे लागते. तिथे लोक ताप, लग्न नाहीतर गावचा भंडारा लिहितात. कापड रंगवायच्या जिगर मशीनवरच्या हिलाल बडगुजरने मात्र १९९३ साली लिहिले होते, ‘गुन्हा कबूल करण्यासाठी कोर्टात जाणे आहे.’ अर्ज नियमात बसत होता. हजेरी-रजेचे काम माझ्याकडे, म्हणून मी एक दिवसाची रजा मंजूर केली.

हिलाल पारोळ्याकडचा. चहाशिवाय कसले व्यसन नाही. तो राहायचा त्या चाळीची मालकीण चंचलबाई. गुजरातेत दारूबंदी असल्याने तिच्या मागच्या खोलीत जो धंदा चाले, त्याची अधूनमधून केस होणे भागच होते. केसला आरोपी लागतो, म्हणून चाळीत पाळी ठरलेली होती. ज्याची पाळी त्याने चौकीवर जायचे, कोर्टात हात जोडायचे, ‘कबूल’ म्हणायचे. दंड चंचलबाई भरायची आणि महिनाभर त्याच्या घराला नळावर पहिला नंबर मिळायचा. वकीलही चंचलबाईचाच, जरीवालासाहेब. ते आजवर एकही खटला हरले नव्हते, कारण त्यांनी एकही लढवला नव्हता.

अशा तीन केसेस हिलालने पार पाडल्या. कामाप्रमाणे त्यातही तो चोख होता.

चौथी केस १९९६ च्या फेब्रुवारीतली, आणि ही पाळी त्याची नव्हती. भेस्तानच्या एका खोलीत दुपारी साडेतीन वाजता चंचलबाईच्या दारूचा मोठा साठा सापडला, माणूस पळाला. पळालेल्याचे नाव म्हणून कागदावर हिलालचे आले. तीनदा लिहिलेले नाव चौथ्यांदा लिहायला सोपे जाते. दुसऱ्या दिवशी त्याला नेले, मग जामिनावर सोडले.

जरीवालासाहेबांनी समजूत घातली. “जुन्या तीन आहेत, म्हणजे या वेळी आत जावंच लागेल. कबूल करून टाक, मी बोलून सहा महिन्यांवर आणतो.”

“पण साहेब, तेव्हा मी मिलमध्ये होतो.”

“असशील. आधीच्या तिन्ही वेळी कुठे होतास?”

चंचलबाईही येऊन गेली. “हिलालभाऊ, तू आत असलास तरी घरी दाणागोटा पोचेल. मी काय परकी आहे?”

सहा महिने गैरहजर म्हणजे मिलमधून नाव कमी आणि मुलीची, सोनालीची, दहावी अर्धवट. त्याची बायको सुभद्राबाई चुलीपुढून उठली नाही, तिथूनच बोलली, “हाऊ वकील तुम्हना शे का तिना? जेलमा कोन जाई, तो का तुम्ही?”

हिलाल दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “भाऊसाहेब, आपला वकील आपल्याला निवडता येतो का?”

“येतो. तो आरोपीचा हक्क आहे.”

“मग इतके दिवस कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही,” मी म्हणालो. ते खरे होते. पण तिन्ही अर्ज मीच मंजूर केले होते, हेही खरे.

त्याने निवडला वाल्मिक वकील. धुळ्याकडचा, तिशीचा, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून प्रतिज्ञापत्रे करणारा. जरीवालासाहेबांसमोर त्याची किंमत काहीच नव्हती. हिलालचे कारण एकच होते. “त्याला अहिराणीत सगळं सांगता येतं. आणि तो ऐकतो.” जरीवालासाहेबांनी हसत ना-हरकत दिली.

वाल्मिकने आठवडाभर तयारी करून घेतली. “न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही म्हणायचं, नाही. बाकी सगळं माझ्यावर.” हिलालने ते घोकले. सुभद्राबाईनेही दोनदा म्हणवून घेतले.

कोर्टात न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारले, “गुनो कबूल छे?”

हिलालने हात जोडले. “कबूल, साहेब.”

सवयच ती. वाल्मिक मटकन खाली बसला. मागच्या बाकावर दुसऱ्याच कामासाठी आलेले जरीवालासाहेब कौतुकाने बघत राहिले.

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता विचारले, “साठा कशात होता?”

हिलाल गोंधळला. त्याने मागे वळून जरीवालासाहेबांकडे पाहिले. “ते या साहेबांना विचारा. कागद त्यांच्याकडे असतो.”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवले. “तुमचे वकील कोण?”

“हे पुढचे. मागचे आधीच्या तीन वेळचे.”

जरीवालासाहेबांना तेवढ्यात दुसऱ्या कोर्टात पुकारा झाल्याचे आठवले. न्यायाधीशांनी कबुली नोंदवून घेतली नाही, खटला चालवायचे ठरवले. आपल्या वकिलाने काही बोलायच्या आतच हिलाल असा वाचला.

पण खटला चालणे म्हणजे काय, हे त्याला नंतर कळले. कबूल करायला एक दिवस लागायचा. नाकारायला चौदा महिने लागले आणि अकरा तारखा. चंचलबाईने खोली खाली करवली, तेव्हा हिलाल पलसाण्याच्या रस्त्याला पत्र्याच्या खोलीत गेला आणि रोज सायकलने येऊ लागला. सोनालीने परीक्षा तिथूनच दिली. दहाव्या तारखेला मी मस्टर घेऊन साक्षीला गेलो. साठा सापडला त्या दिवशी हिलाल सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत मशीनवर होता, सही होती, सुपरवायझरची खूणही होती. सरकारी वकिलांनी पाने उलटून पाहिली आणि खाडाखोड न सापडल्यामुळे थोडे नाराज झाले.

अकराव्या तारखेला निकाल लागला. गुजरातीतला निकाल वाल्मिकने व्हरांड्यात समजावून सांगितला. “संशयाचा फायदा देऊन सोडलंय.”

“संशय कसाना?” सुभद्राबाई म्हणाली. “हाऊ त मिलमा व्हता.”

“लिहिण्याची पद्धत आहे, वहिनी. सुटले, एवढं लक्षात ठेवा.”

हिलालने विचारले, “आणि आधीच्या तीन? त्याही मी केल्या नव्हत्या.”

“त्या राहतील,” वाल्मिक म्हणाला. “त्या तुम्ही कबूल केल्या आहेत.”

हिलालला हे रास्त वाटले. मान हलवून तो सायकलकडे गेला.