ठवरे सरांचा खोकला

अंगण झाडून झालं होतं. आमच्या ह्यांच्या फोटोवरची धूळ पुसली, पोळ्या केल्या आणि अडुळशाचा काढा उकळेपर्यंत डाळ निवडत बसले. काढा ठवरे सरांसाठी होता. सर वर्गात येताना दारापासूनच खोकत येत.

सरांची ओळख नालवाडीच्या वाचनालयात झाली. हे गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून मी वाचत सुटले. पवनारहून बसनं पुस्तकं बदलायला जाता जाता तिथंच पुस्तकं स्कॅन करायचं काम मिळालं. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले सर तिथल्या जुन्या संगणकांवर बायकांचा वर्ग घेत. मला स्कॅन केलेल्या एकेका पानाला नाव देत बसलेलं पाहून त्यांनी संगणकावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ, म्हणजे कमांड, टाइप केली. शेकडो पानांची नावं एकदम बदलली. मग म्हणाले, "ताई, शिकता का?"

त्यांची रीत साधी. कमांड चालवायची आणि लगेच संगणकातल्या नोट्समध्ये आपल्या शब्दांत लिहायची. चुकली तर संगणक काय म्हणाला तेही लिहायचं. पाठ काही करायचं नाही, अडलं की नोट्समध्ये शोधायचं. सर स्वतःही नोट्स उघड्या ठेवूनच शिकवत.

पण ते सर होते. मी पाहून करते म्हणजे मला येत नाही, असंच मला वाटे. शाळा सातवीत सुटली, पण कॉपीची भीती सुटली नाही. सर येताहेत असं कळलं की मी नोट्सची खिडकी बंद करून टाकी.

यंदा सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. नवा वर्ग तेवढे दिवस मी घ्यावा, असं ते म्हणाले. मी घरची अडचण पुढं केली. घरी अडचण कसली? मी एकटी. सरांनी पुन्हा विचारलं नाही. मग वर्ग बंद ठेवू, एवढंच म्हणाले.

त्या सकाळी काढा घेऊन सरांच्या घरी गेले तेव्हा सर झोपले होते. सरांच्या पत्नी, काकू, काढ्याचा डबा उघडून हसायलाच लागल्या.

"त्यायले कायचा खोकला वं? घरी तं कधी खोकलत नाईत. तू नोट्स लपवते म्हणे. लपवाले वेळ भेटावा म्हणून दारातूनच खोकलतात ते."

माझी मान वर होईना.

"अन् वर्गाले काऊन नाई म्हटलं?" त्यांनी विचारलं. 

सरांची विद्वत्ता त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणकार मंडळी सांगतीलच. मला हे सांगायचं होतं आणि सांगतानाही लाज वाटते आहे. पंचाहत्तरीनंतरही सरांना लख्ख दिसत राहो, पाय चालते राहोत आणि शंभरी त्यांनी आमच्यात बसून पाहावी.

काकूंकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्ग उघडला, माझ्या नोट्स भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावल्या आणि नव्या बायकांना पहिली कमांड त्यात पाहून शिकवली.