डाव्या बाजूचा स्पीकर

सोळा वर्षांपूर्वी नागपूर सोडलं तेव्हा सामानाची यादी बेचाळीस वस्तूंची होती. कुकर, गाद्या, मिक्सर, कागदपत्रांची पेटी, अगदी कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत सगळं. टेम्पोवाला ताडपत्री बांधत होता आणि बाबा माझ्या हातातली यादी घेऊन वाचत उभे होते. शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "यात सेट नाही लिहिला."

"सेट तुमचा आहे बाबा. मी कशाला नेऊ?"

त्यांनी यादी परत दिली. आईने पुऱ्यांचा डबा दिला. टेम्पो निघाला आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी रायपूरला, छत्तीसगडच्या नव्या राजधानीतल्या ऑफिसात रुजू होणार होते, नवऱ्याची नोकरी भिलाईत, कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी. गाण्याबिण्याचा विचार करायला वेळ कुणाला होता?

तुमच्यापैकी जे वस्तीत राहिले त्यांना आमचा सेट माहीत आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले तेही विसरले नसतील. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. आमच्या घरी फ्रिज यायच्या कितीतरी आधी सेट आला, तोही एकदम नाही. आधी अ‍ॅम्प्लिफायर, मग दोन वर्षांनी कुणाकडून तरी घेतलेला रेकॉर्ड प्लेअर, मग टेप डेक. स्पीकरच्या पेट्या बाबांनी सुताराच्या शेजारी बसून सागवानाच्या करून घेतल्या. कमरेएवढ्या उंच, एकटीला उचलता येणार नाहीत अशा. आई उन्हाळ्यात माठातलं पाणी काढताना म्हणायची, "याच्यावर पाणी थंड होते का, विचारा बरं एकदा." बाबा हसायचे आणि आवाज थोडा वाढवायचे.

चौदा एप्रिलला मंडळाची पोरं दरवर्षी सेट मागायला यायची. बाबा दरवर्षी नाही म्हणायचे. "हा मैदानातला नाही, घरातला हाय." पण त्या दिवशी सकाळी सगळ्या खिडक्या उघडून दोन्ही स्पीकर गल्लीकडे वळवायचे आणि पहिली रेकॉर्ड आमच्या घरातूनच वाजायची. मैदानातला भोंगा त्यानंतर.

या सगळ्याची किंमत मला रायपुरात आल्यावर कळली, आणि कळली ती चिडूनच. इथं शंकर नगरच्या भाड्याच्या घरात मी एक छोटा स्पीकर घेतला. दोन वर्षांत त्याची बॅटरी गेली. दुकानदार म्हणाला, दीदी, ये रिपेअर नहीं होता, नया ले लो. नवा घेतला. तोही गेला. मी घरातल्या प्रत्येक यंत्राची वही ठेवते, त्यात बघितलं तर सोळा वर्षांत सात स्पीकर कचऱ्यात गेलेले. लांबुळके, गोल, पाण्यात न भिजणारे, दिवे लागणारे. एकाही यंत्राला उघडायला स्क्रू नव्हता. आणि तिकडे नागपुरात चाळीस वर्षांचा सेट रोज सकाळी वाजत होता, कारण त्याचा प्रत्येक भाग काढता येत होता, पुसता येत होता, बदलता येत होता. लोक जुन्या सेटबद्दल हळवं होऊन बोलतात. माझं तसं नाही. जी वस्तू दुरुस्त करता येते ती वस्तू चांगली, एवढं साधं माझं मत आहे.

आई गेली. मग गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण शेजारच्या मीराबाईंना दार तोडून आत जावं लागलं. आता त्यांना एकटं ठेवायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. आम्ही तोवर तेलीबांध्याला स्वतःचा फ्लॅट घेतला होता, एक खोली मोकळी होती. बाबा हो म्हणेनात. मी विचार केला, सेट जिथं असेल तिथं बाबा येतील. म्हणून आधी सेट आणला.

तो मी कसा आणला ते ऐका. प्रत्येक वायरचा फोटो काढला, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावली, सुई वेगळ्या डबीत, रेकॉर्डी उभ्या खोक्यात. इथं पंडरीच्या मागच्या गल्लीत एक जुने मेकॅनिक शोधून काढले. त्यांनी आवाज कमी-जास्त करायचं बटण साफ केलं, प्लेअरचा पट्टा बदलला आणि म्हणाले, "दीदी, ऐसा माल अब कोई नहीं बनाता. बेचना हो तो पहले मेरे को बोलना." मग सुतार बोलावला. फरशी पुसताना स्पीकर हलवायला नकोत म्हणून दोन्ही पेट्या भिंतीवर, डोक्याच्या वर, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी घोड्यांवर चढवल्या. वायरी पट्टीत बंद. खोली इतकी नीट दिसत होती की मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले होते.

बाबा आले. हातपाय धुतले, चहा घेतला, खुर्चीत बसले. मी त्यांची आवडती रेकॉर्ड लावली, डोळ्यासमोर अख्खं नागपूर आलं. बाबांनी अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर नाही वाजून राहिला."

मी वायरी तपासल्या. प्लस-मायनस बरोबर होतं. नवी सुई मागवली. फरशीमुळे आवाज घुमतो असं कळलं म्हणून सतरंजी आणली, जाड पडदे लावले. मेकॅनिकना तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ते वैतागले, "बाबूजी, एकदम बढ़िया बज रहा है, आप सुनो तो सही!" बाबा म्हणाले, "हव." ते गेल्यावर परत तेच, बरोबर नाही वाजत.

त्या दिवसांत बाबा सगळ्यालाच हव म्हणत होते. हो म्हणायला नागपूरचं हौ सोडून त्यांनी इथलं हव उचललं म्हणून आम्हाला गंमत वाटायची. माझी मुलगी अन्वी मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते. तिने विचारलं, "नानाजी, चाय पियोगे या दूध?" बाबा, "हव." तिने हसत दोन्ही आणून ठेवलं. त्यांनी दोन्ही प्यायलं. मीही हसले. त्याचा आज मला राग येतो, माझाच.

महिनाभराने एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले. किल्लीने दार उघडलं. सेट मोठ्याने वाजत होता आणि बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर उभे होते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, न्हाणीघरात घसरलेला, एक हात भिंतीला आणि दुसरा डाव्या स्पीकरच्या पेटीवर पालथा ठेवलेला. मी किंचाळले, "बाबा!" ते वळले नाहीत. रेकॉर्ड संपून खरखर सुरू झाली तेव्हा मी पुन्हा हाक मारली, अगदी पाठीशी उभी राहून. तरी वळले नाहीत. हात काढला, हळूच खाली उतरले, आणि मग त्यांना मी दिसले.

"किती दिवसांपासून?" मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

"चार-पाच वर्षं झाले असन."

"काहून नाही सांगितलं मले?" रागात मी पण तिकडचंच बोलले.

"सांगितलं असतं तर तू लिस्ट बनवली असती."

नागपुरात ते डाव्या स्पीकरला लागून बसायचे, हात पेटीवर टाकून. त्यांच्या आवडत्या रेकॉर्डीत ढोलकी डाव्या बाजूला आहे, ती लाकडातून तळव्याला लागते. ढोलकी लागली की बाकीचं गाणं त्यांना आठवणीतून येतं. हे सगळं त्यांनी मला अशा सुरात सांगितलं, जसं एखादा पट्टा कसा बदलायचा ते सांगावं. मी ते स्पीकर छताजवळ टांगून ठेवले होते. शिवाय आवाज का बिघडला म्हणून तपासायच्या एकवीस गोष्टींची यादी केली होती, आणि ऐकणाऱ्याचा कान त्यात नव्हता.

अर्थात यादी मी पुन्हा केलीच. कानाचे डॉक्टर, तपासण्या, यंत्र. बाबांनी यंत्र पंधरा दिवस लावलं. "यात भांड्यांचाच आवाज येते," म्हणून डबीत ठेवून दिलं. डॉक्टर म्हणाले सवय व्हायला वेळ लागतो. बाबांना वेळ नव्हता, किंवा इच्छा नव्हती, मला अजून ठरवता आलेलं नाही. सुताराला बोलावून स्पीकर खाली घेतले. भिंतीत आठ भोकं राहिली. बाबा पेटीला टेकून बसू लागले. गाणं बरोबर वाजू लागलं. मला वाटलं, संपला प्रश्न.

आठवड्याने बाबा म्हणाले, "मले नागपूरचं तिकीट काढून दे."

मी भांडले. खरंच भांडले, आवाज चढवून, जो त्यांना ऐकू येत नव्हता. तिथं कोण आहे, पुन्हा पडलात तर, इथं काय कमी आहे. ते शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तिथं मीराबाई बोलते, दूधवाला बोलते, मले डोळ्यानं समजते. मराठीतले ओठ माहीत हायेत. इथं हिंदीत ओठच वेगळे हालतात. पोट्टी समोर बसून बोलते अन् मले काही समजत नाही. मी आपला हव म्हणतो."

अन्वीने ते ऐकलं. तिने प्रयत्न केला, नाही म्हणणार नाही. चार दिवस "नानाजी, जेवून घ्या", "नानाजी, चष्मा कुठे आहे" असं एकेक वाक्य जुळवून बोलत होती. पाचव्या दिवशी परीक्षेच्या गडबडीत पुन्हा हिंदी. तिच्यावर चिडून काय उपयोग? शाळा हिंदी-इंग्रजीत, मैत्रिणी हिंदीत, आणि घरात घाईच्या वेळी मीच हिंदीत बोलत आले, कारण ते लवकर व्हायचं. बेचाळीस वस्तू मी मोजून आणल्या होत्या. भाषा आपोआप येईल असं धरून चालले होते.

निघायच्या दिवशी सकाळी बाबांनी डावा स्पीकर चादरीत गुंडाळून, सरकवत दाराशी आणून ठेवला.

"बाबा, सगळाच न्या मग."

"नाही. मले एकच लागते, हात ठेवाले. घरी जुना टेप हाय, त्याले जोडतो. दुसरा तुह्याकडं राहू दे. तुले तर ऐकू येते."

"जोडी तोडली तर काही किंमत राहत नाही त्याची!"

"कोणाले विकाची हाय?"

मी नवऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून स्पीकर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला. नवरा बाबांना सोडून आला. मीराबाई दोन वेळचा डबा देतात, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून देतात, आणि मी फोनसमोर तोंड मोठं मोठं करून बोलते. सोय चांगली आहे असं सगळे म्हणतात. मला ती पटलेली नाही. मी दर शनिवारी नागपूरला जायचं ठरवलं होतं. महिन्यातून एकदा जाणं होतं.

इथं आता एकच स्पीकर आहे. गाणाऱ्याचा आवाज येतो, हार्मोनियम येते, ढोलकी नाही. जाताना बाबांनी आम्हा दोघींना अ‍ॅम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाखवलं होतं. "हे दाबलं का दोन्ही बाजू एकातून येतात. काही अडत नाही." परवा अन्वी अभ्यास सोडून येऊन उभी राहिली. "मम्मा, ये आधा गाना क्यों सुनती हो? ढोलक कहाँ है इसका?"

"नागपुरात," मी म्हटलं. ती सेटजवळ गेली आणि बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं.

अर्धवट ठेवलेलं काम मला चालत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. हे एक मी तसंच ठेवलं आहे.