चाळीस मैलांचा परवाना

माळावरून दिवसभर हिंडून आलं की पँटला कुसळं चिकटतात. कितीही झटकली तरी दोन-चार राहतातच, आणि नेमकी जेवायला बसलं की टोचतात. आमच्या सर्व्हे पार्टीचे किस्से तसेच आहेत. मी ते मुद्दाम गोळा केले नाहीत, आपोआप चिकटले. आता बसलोच आहे तर सांगून टाकतो. मला एका जागी फार वेळ बसवत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच!

प्रकरण थोडक्यात असं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. कराडच्या काही व्यापाऱ्यांनी रेडिओ स्टेशनचा परवाना पटकावला. ते ऐकून सांगलीच्या हौशी मंडळींनाही झोप येईना. त्यांनीही कंपनी काढली, अर्ज केला. पण दिल्लीचा नियम होता की दोन स्टेशनांमध्ये सरळ रेषेत चाळीस मैल हवेत, नाहीतर एकाचं कीर्तन दुसऱ्याच्या बाजारभावात शिरणार. आणि कराड-सांगली सरळ रेषेत किती? तर चाळीसच्या आसपास!

दिल्लीला 'आसपास' चालत नाही. म्हणून आमची नेमणूक झाली.

आम्ही चौघं. दातारसाहेब आमचे मुख्य. चहासुद्धा उभ्याने पिणारे. मोजणीची साखळी ओढायला जतचा मल्लाप्पा. आकडेमोडीला मी. आणि टेकड्यांवर झेंडा घेऊन उभा राहायला रंगराव, फौजेच्या सिग्नल्स म्हणजे तारायंत्रवाल्या पलटणीतून सुटून आलेला हवालदार. रंगरावला कंपनीने शब्द दिला होता की परवाना आला तर ऑपरेटरची पहिली खुर्ची तुझी. पगार आमच्यात सगळ्यात कमी आणि घाई सगळ्यात जास्त, असा हा गडी.

---

आमची रेघ बऱ्याच शेतांवरून जात होती. एकदा एका म्हातारीच्या शाळू-ज्वारीच्या उभ्या पिकात आम्ही साखळी टाकली, तशी ती खुरपं घेऊनच आली.

"पाटाचं माप हाय व्हय हे?"

दातारसाहेबांनी घड्याळ बघत समजावलं, "नाही हो आजी. रेडिओचं आहे. आवाज कराडहून निघतो, तो असा वरून, हवेतून सांगलीला जातो. तुमच्या रानाला धक्का नाही."

म्हातारीने वर बघितलं. मग खाली बघितलं. मग साहेबांच्या बुटांकडे बघितलं.

"आवाज वरनं जातो म्हंता, मग माजा शाळू खाली का तुडवता?"

आम्ही बांधाबांधाने वळसा घातला.

---

चळवळीच्या त्या दिवसांत साताऱ्याकडे पोलीस कुठल्याही झेंड्याला बिचकत. रंगराव टेकडीवर लाल-पांढरा झेंडा हलवतोय म्हटल्यावर एक फौजदार दोन शिपायांसह धापा टाकत आमच्यापाशी आला.

"कुणाला खुणा करताय?"

साहेब म्हणाले, "आम्ही अंतर मोजतोय. हवं तर दुर्बिणीतून बघा."

आता मोजणीच्या आमच्या त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. आम्हाला सवय होती, सांगायचं कुणाला सुचलं नाही. फौजदाराने डोळा लावला. समोर नेमकं त्याचंच ठाणं होतं. कौलं खाली, दार वर, आणि सरकारी निशाण डोक्यावर उभं!

मग त्याने टोपी सारखी केली आणि हळूच विचारलं, "हे किती दिवस झाले असं दिसायला लागून?"

रंगराव तेवढ्यात खाली आला होता. तो म्हणाला, "बेचाळीसपासनं, साहेब."

शिपाई तोंड फिरवून हसले. फौजदार आल्या वाटेने परत गेला. पुढे आम्हाला त्या भागात कुणी अडवलं नाही.

---

मल्लाप्पाचा कुठल्याच मापावर विश्वास नव्हता. साखळी तो ओढायचा, पण उपकार केल्यासारखी. त्याचा जन्म मेंढरांमागे गेलेला. एकदा साहेबांनी चिडून विचारलं, "अरे, पुढचं गाव नेमकं किती लांब आहे?"

"एक कोस."

तासभर चाललो. गाव येईना. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"एक कोस," मल्लाप्पा म्हणाला.

"मघाशी पण एकच होता!"

"आमच्या जतात कोस पाण्यावर मोजत्यात, साहेब. तहान लागंल तवा एक कोस झाला. तुमाला लागली का?"

"नाही!"

"मग झाला न्हाई अजून."

---

रंगरावचं सांगायचं तर, लढाईहून आल्यापासून तो एका जागी ठरत नव्हता. घरचा ऊस होता, बैल होते, पण सरीत तासभर उभा राहिला की त्याचे हात शिवशिवायचे. आणि हातात काही आलं की बोटांनी टकटक सुरू. ताटावर, पाटीवर, एकदा तर बैलाच्या शिंगावर. तारायंत्राची भाषा! मनात येईल ते तो बोटांनी वाजवून टाकायचा. कुणाला कळत नाही म्हटल्यावर भीती कसली?

त्याचे वडील आबा. कडक माणूस. पोरगा ठिकाणावर यावा म्हणून त्यांनी लग्नाचं काढलं. मुलगी बघायला गेले, तर हौस म्हणून रंगराव आम्हालाही घेऊन गेला. बैठक भरली. पान-सुपारी झाली, ऊस-गुळाचे भाव झाले, पावण्यारावळ्यांची चौकशी झाली. मुलगी अजून आतच. रंगरावची बोटं पितळी पेल्यावर चालू झाली. टक-टक, टकटक-टक.

एकाएकी कोपऱ्यातल्या एका मिशीवाल्या पाहुण्याने आपला पेला जवळ ओढला आणि त्यानेही टकटक केली. शांतपणे, अगदी साफ.

रंगरावचा चेहरा पडला. तो उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि सरळ बाहेर पडला. आम्ही मागोमाग.

"काय झालं रे?"

"मी वाजवत हुतो, मला हितनं कुनीतरी सोडवा."

"मग?"

"त्यो पोरीचा मामा. आमच्याच सिग्नल्सचा निगाला! त्यानं उलट वाजवलं, दार उघडंच हाय, पावनं!"

आम्ही रस्त्यात बसून हसलो. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी रंगरावला बजावलं, "ह्या सुगीपातूर तुजा रेडू आला तर जा त्या खुर्चीवर. न्हाई आला तर गुमान औत धरायचं. मी आता थकलोय."

रंगरावने कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून तो टेकड्या पळत चढायला लागला.

---

शेवटी मोजणी पुरी झाली. मी आकडेमोड केली, साहेबांनी तपासली, पुन्हा मी केली. कराडच्या रेडिओ-खांबापासून सांगलीबाहेरच्या माळावर, आमच्या होऊ घातलेल्या स्टेशनच्या जागी रोवलेल्या दगडापर्यंत चाळीस मैल, आणि वर थोडं. ते थोडं म्हणजे जेमतेम एका शेताची लांबी. पण जास्त ते जास्तच! दातारसाहेब त्या दिवशी खाली बसून चहा प्यायले.

आता फक्त दिल्लीचा इन्स्पेक्टर येऊन ताडून बघणार होता. आमचा दगड जिथे होता, तो माळ रंगरावच्या शेताला लागूनच. रंगराव आनंदाने घरी गेला आणि आबांना सांगून बसला, "आबा, कराडवाल्यांशी हद्दीचा वाद हाय. समदं त्या दगडावर हाय बगा."

हद्दीचा वाद! आबांना हे सांगायला नको होतं. भावकीशी भांडता भांडता त्या माणसाने जन्मात इतके हद्दीचे दगड सरकवले होते की गावातले लोक त्यांच्या बांधाला 'चालता बांध' म्हणायचे.

इन्स्पेक्टर आला. उंच, अबोल माणूस. त्याने आपलं यंत्र आमच्या दगडावर लावलं, लांबच्या डोंगरांवर नजर धरली, आकडे मांडले. मग पुन्हा मांडले. मग साहेबांना म्हणाला, "चाळीसला कमी आहे."

मी आजूबाजूला बघायला लागलो, आणि मला मातीत चर दिसला. बैल लावून जड काहीतरी ओढल्याचा ताजा चर. आमचा दगड मूळच्या जागेवरून चांगला शेतभर पुढे सरकला होता. आणि पुढे म्हणजे कुठे? थेट कराडच्या दिशेला! शत्रूच्या रानात दाबला होता बिचारा. मागे बैलांच्या खुरांचे ठसे आबांच्या गोठ्याकडे गेले होते.

साहेब ओरडले, "सर, हा दगड कुणीतरी हलवलाय!"

इन्स्पेक्टर म्हणाला, "सरकारी खूण हलवणं गुन्हा आहे. नाव सांगा. त्याला आत टाकू, आणि मी पुन्हा मोजतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी मल्लाप्पाकडे. मल्लाप्पा आभाळाकडे बघत होता. एक नाव घेतलं की खुर्ची रंगरावची होती, आणि ते नाव आम्हा चौघांनाही माहीत होतं.

रंगराव पुढे आला. त्या चरावर पाय देऊन ताठ उभा राहिला, फौजेत राहतात तसा.

"दगड हितंच हुता, साहेब. पयल्यापासनं. आमची मोजनी चुकली आसंल."

इन्स्पेक्टरने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, कागद घडी करून खिशात घातला आणि मोटारीत बसला. परवाना गेला.

रंगराव तसाच गोठ्याकडे निघाला. मला राहवेना, मी मागे गेलो. आबा बैलांना वैरण घालत होते.

"आबा, दगड तुमी सरकवला?"

"व्हय. कराडच्या अंगाला दाबला की चांगला."

"आवं, मागं घ्याचा हुता! हिकडं, आपल्या अंगाला! त्यांच्यापासनं जेवडं लांब जाऊ, तेवडं आपलं हुतं!"

आबांनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. हात झटकले.

"मागं? हद्दीचा दगड कुनी मागं घेतं व्हय रं?"

एवढं म्हणून त्यांनी खुंटीवरचा औताचा कासरा काढला आणि रंगरावच्या हातात दिला. रंगरावने तो हातात फिरवून बघितला. कासरा नवाकोरा होता, आधीच आणून ठेवलेला.