मधे कुणी नसलेला फोटो

विजापूरच्या जुम्मा मशिदीतल्या कमानी एकीतून एक उमलत लांबवर जातात. मला त्या फोटोत रिकाम्या हव्या होत्या. पण मधे एक गृहस्थ बसलेले. त्यांची नमाज झालेली दिसत होती, तरी उठायचं नाव नाही. या खांबापासून त्या खांबापर्यंत किती फेऱ्या मारल्या, ते आपले फोटोत आहेतच. शेवटी म्हटलं, "काका, जरा बाजूला होता का?"

त्यांनी नुसता तळहात दाखवला. थांबा. मी चिडलेच.

थोड्या वेळाने ते उठले. "माफ करा हां ताई. तुमच्या मागे चाचा नमाज पढत होते. पढणाऱ्याच्या समोरून जायचं नसतं, म्हणून बसून राहिलो. आता काढा फोटो."

मी वळून पाहिलं. खांबाजवळ एक म्हातारे चाचा शांतपणे चटई गुंडाळत होते. माझ्या सगळ्या फेऱ्या त्यांच्याच समोरून झाल्या होत्या.

चपला बाहेर काढल्या, डोक्यावर ओढणी घेतली, की सगळं पाळलं असं मी धरून चालले होते. बघायला गेलं की माझं असंच होतं. दगडावरची नक्षी डोळ्यांत भरते आणि तिथला माणूस अडचण वाटतो.

काकांना नाही म्हणवेना, म्हणून फोटो काढला. घरी सगळ्यांना आवडला. नणंद म्हणाली, "किती छान! मधे एकही माणूस आला नाही."

आलं होतं. पण फोटो काढणारं माणूस फोटोत दिसत नाही.